‘दोनच गोळ्या दे, बापू’: गावात तब्येतीची सवय कशी बसवावी

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं मेडिकल आहे. गल्ल्याच्या खिळ्याला सुतळीनं एक कात्री बांधलेली असते, गोळ्यांच्या पट्ट्या कापायला. पूर्ण पट्टी नेणारे कमी, कापून नेणारे जास्त.

“दोनच दे, बापू.”

“काकाजी, ही बीपीची गोळी रोजची आहे. दोन परवा संपतात.”

“डोकं दुखलं का घेतो ना मी. रोज रोज कायले?”

या काकाजींच्या सख्ख्या मोठ्या भावाला लकवा मारला होता. तीन वर्षं तो बाजेवर होता आणि त्याची कूस बदलायला काकाजीच असायचे. बीपी वाढलं की काय होतं हे त्यांना कुणी पोस्टर दाखवून शिकवायची गरज नव्हती. तरी गोळ्या दोनच.

म्हणून ‘लोकांना माहिती नाही हो, माहिती द्या’ या बोलण्यावर माझा फारसा विश्वास उरला नाही. माझंच बघा. तंबाखूनं काय होतं हे मी परीक्षेत लिहून पास झालो, आणि पस्तिशीपर्यंत दिवसाला आठ खर्रे (सुपारी, तंबाखू, चुना घोटून केलेला) खात होतो. गिऱ्हाइकाला तोंडातल्या छाल्यांचं मलम देताना माझ्या गालात खर्रा असायचा. कळत होतं, वळत नव्हतं. या दोहोंमधल्या फटीवर मानसशास्त्रात बरंच काम झालंय. त्यातलं गावात चालण्यासारखं जे मला वाटलं, ते इथं पायरीपायरीनं लिहितो. तुम्हाला स्वतःची सवय बदलायची असो, घरातल्या म्हाताऱ्याची असो, किंवा तुम्ही आशाताई असाल आणि अख्ख्या वस्तीची बदलायची असो, क्रम तोच.

आधी एक समज काढून टाका. गावचा माणूस अधीर असतो, पुढचा विचार करत नाही, असं शहरातले लोक म्हणतात. जूनमध्ये उधारीवर बी टाकून दिवाळीच्या कापसाची वाट बघणारा माणूस अधीर कसा? फरक इतकाच की सरकी टाकली की आठवड्याभरात अंकुर दिसतो. बीपीच्या गोळीला अंकुर फुटत नाही. घेतली तरी काही वाटत नाही, सोडली तरी काही वाटत नाही. उलट खर्रा तोंडात टाकला की दोन मिनिटांत तरतरी. जे लगेच हाती लागतं ते मनाला मोठं वाटतं आणि लांबचं लहान दिसतं. हा सगळ्यांच्याच मनाचा स्वभाव आहे, डॉक्टरांच्याही.

पायरी १: एकच काम निवडा, आणि ते मोजता आलं पाहिजे

‘आता तब्येतीकडे लक्ष देतो’ हे काम नाही, ती दिवाळीची शुभेच्छा झाली. ‘रोज एक गोळी’, ‘दुपारच्या जेवणानंतरचा खर्रा बंद’, ‘घरातल्या तिशीवरच्या सगळ्यांचं बीपी-शुगर येत्या बुधवारी उपकेंद्रात’, ही कामं झाली. संध्याकाळी कुणी विचारलं तर ‘केलं’ किंवा ‘नाही केलं’ एवढंच उत्तर देता यावं.

मीठ, साखर, चालणं, तंबाखू, सगळं एकदम काढू नका. कोणतं आधी, हे ठरवायला घरच्या घरी दोन तपासण्या करा. खर्रा-तंबाखू खाणाऱ्यानं तोंड पूर्ण उघडून आपलीच तीन बोटं उभी धरून दातांच्या मधे घालून बघावीत. तीन जात नसतील, तिखट झोंबत असेल किंवा एखादा छाला नाहीतर पांढरा चट्टा दोन आठवड्यांत गेला नसेल, तर पहिलं काम दातांच्या डॉक्टरकडे जाण्याचं. तंबाखू नको, नुसती सुपारी खातो, म्हणून सुटका नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेनं २००४ मध्येच जाहीर केलंय.

दुसरी तपासणी बीपीची. तिशीनंतर ती उपकेंद्रात फुकट होते. आधी अर्धा तास चहा-तंबाखू नको, पाच मिनिटं पाठ टेकून बसा, मग मोजा. वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा त्यावर आलं तर डॉक्टरला दाखवा.

पायरी २: चार प्रश्न विचारा आणि गप्प बसा

१९५० च्या दशकात अमेरिकेत क्षयरोगासाठी छातीचा एक्स-रे फुकट काढून देणाऱ्या गाड्या लोकांच्या दाराशी उभ्या राहायच्या. तरी बरेच लोक यायचे नाहीत. गॉडफ्रे हॉकबॉम या मानसशास्त्रज्ञानं १९५२ मध्ये तीन शहरांतल्या बाराशेहून जास्त माणसांना विचारलं. ‘हा रोग मलाही होऊ शकतो’ आणि ‘लवकर कळलं तर फायदा आहे’ या दोन्ही गोष्टी ज्यांना पटल्या होत्या, त्यांच्यातल्या ८२ टक्के लोकांनी एक्स-रे काढून घेतला होता. दोन्ही न पटलेल्यांत फक्त २१ टक्क्यांनी. त्यातून पुढं जे प्रारूप तयार झालं, ते आपल्या बोलीत चार प्रश्नांत बसतं.

मले होईन का? झालं तं किती वाईट? हे केल्यानं फायदा हाय का? आणि करायले आडवं काय येते?

पहिले तीन प्रश्न सगळे विचारतात. खरी मेख चौथ्यात आहे, आणि तिथं पहिलं उत्तर सहसा खरं नसतं. काकाजींना मी एका दुपारी, दुकान रिकामं असताना, स्टुलावर बसवलं आणि विचारलं, “गोळी घ्यायला त्रास काय होते?” आधी म्हणाले, विसरतो. मग म्हणाले, गोळी गरम पडते. मी काही बोललो नाही. चहा आला. कपबशी खाली ठेवता ठेवता म्हणाले, “रात्री घेतली का तीनदा उठा लागते. संडास अंगणाच्या पल्याड. मागच्या पावसात तिथंच परडं निघालं होतं.”

परडं म्हणजे घोणस. चिठ्ठी बघितली तर गोळीत लघवी वाढवणारं औषध होतं आणि काकाजी ती रात्री जेवल्यावर घेत होते. दोन वर्षांत त्यांना हे कुणी विचारलंच नव्हतं, मीही नाही. गोळीची वेळ आपल्या मनानं बदलणं माझं काम नाही. मी एक चिठ्ठी लिहून डॉक्टरकडे पाठवलं, आणि त्यांनी ती सकाळी घ्यायला सांगितली. मी ‘निष्काळजी माणूस’ समजत होतो, तो खरं तर सापाला भिणारा माणूस निघाला.

विचारण्याची ही रीत आपल्याकडे जुनी आहे. अमरावती जिल्ह्यात जन्मलेले गाडगेबाबा (१८७६–१९५६) गावात आले की आधी खराट्यानं रस्ता झाडायचे आणि रात्री कीर्तनात समोरच्यांना प्रश्न विचारायचे. उत्तर लोकांच्याच तोंडून निघायचं. माणूस स्वतःच्या तोंडानं जे बोलतो ते त्याला जास्त पटतं, हे आता समुपदेशनाच्या शास्त्रातही शिकवतात. तेव्हा ‘तुम्ही गोळी घेतली पाहिजे’ म्हणण्यापेक्षा ‘घेतली तर तुमचं काय सोपं होईल?’ असं विचारून बघा.

पायरी ३: भीती दाखवायची तर रस्ताही दाखवा

आपल्याकडे आरोग्य शिक्षण म्हणजे सडलेल्या जबड्याचे फोटो. खर्रा तर साध्या पन्नीत घोटून मिळतो, तिच्यावर चित्रही नसतं. पण असतं तरी काय झालं असतं?

१९६५ मध्ये येल विद्यापीठात हॉवर्ड लेव्हेंथाल आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना धनुर्वाताची माहिती देणाऱ्या पुस्तिका वाचायला दिल्या. काहींना अंगावर काटा येईल अशी, काहींना सौम्य. भीतीदायक वाचणाऱ्यांचं मत बदललं, लस घ्यायची इच्छाही वाढली. पण नुसतं वाचून प्रत्यक्ष लस घ्यायला गेले साधारण ३ टक्के. ज्यांना पुस्तिकेसोबत दवाखान्याची जागा दाखवलेला नकाशा दिला आणि ‘तुमच्या वेळापत्रकात कधी जाल ते ठरवा’ म्हटलं, त्यांच्यातले २८ टक्के गेले. दवाखाना कुठं आहे हे त्या पोरांना आधीपासून माहीत होतं, ही त्यातली गंमत. नकाशानं माहिती दिली नाही, मनात रस्ता आखून दिला.

म्हणून मी दुकानात आता जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर असं लिहून देतो: ‘बुधवार. सकाळची पहिली बस. उपकेंद्रात नर्सताई. सोबत आधार कार्ड आणि जुनी चिठ्ठी. दुपारच्या बसनं वापस. त्या दिवशी बैलाचा चारा धाकटा टाकेल.’ शेवटची ओळ सगळ्यात महत्त्वाची. दवाखान्याची एक खेप म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडते आणि घरचं कुणीतरी अडकतं. तो हिशेब कागदावर आला नाही तर बुधवार उजाडतो आणि मावळतो.

पायरी ४: ‘जेव्हा… तेव्हा’चं वाक्य बांधा

माझ्या मते या सगळ्यातला हा सगळ्यात स्वस्त आणि कामाचा उपाय. पीटर गोलविट्झर या जर्मन मानसशास्त्रज्ञानं तो मांडला. नुसता निश्चय करायचा नाही, तर ‘अमुक झालं की मी तमुक करीन’ असं वाक्य आधीच बांधून ठेवायचं. इंग्लंडमध्ये २००० साली छापून आलेल्या एका अभ्यासात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीसाठी काही बायकांना कधी, कुठं, कशी जाणार हे लिहायला लावलं. त्यांच्यातल्या ९२ टक्के गेल्या, न लिहिलेल्यांतल्या ६९ टक्के. नुसत्या दोन ओळींच्या लिहिण्यानं.

वाक्य बांधताना घड्याळ लावू नका. वेचणीच्या दिवसांत सकाळचे आठ कुणाच्या घरी सारखे नसतात. रोज होणाऱ्या, ठरलेल्या जागेच्या गोष्टीला काम टांगा. काकाजींचं वाक्य असं झालं: ‘सकाळची चहाची कपबशी खाली ठेवली की गोळी.’ माझं होतं: ‘जेवून हात धुतला की लवंग तोंडात.’ एका बाईचं: ‘सांजेला दिवा लावला की सासूच्या शुगरची गोळी.’

फवारणीसाठी तर हे वाक्य पक्कंच असावं. २०१७ मध्ये आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर दगावले. फवारणीचं संरक्षक किट का घालत नाही, असं विचारणाऱ्यानं सप्टेंबरच्या उकाड्यात पऱ्हाटी (कापसाचं झाड) डोक्यावर आलेली असताना प्लास्टिकचा कोट चढवून एक तास पंप पाठीवर घ्यावा. अडचण खरी आहे. तेव्हा निदान जे जमतं ते बांधा: ‘पंप खाली ठेवला की आधी साबणानं हात, मगच पाणी किंवा खर्रा.’ त्यासाठी साबणाची वडी घरून निघतानाच पंपाच्या पट्ट्याला पिशवीत बांधलेली हवी. बांधावर गेल्यावर ती आठवून उपयोग नाही. फवारणी सकाळी लवकर, वारा पाठीवर घेऊन, आणि फवारणीचे कपडे वेगळे धुवायचे.

पायरी ५: मनाशी भांडू नका, जागा बदला

औषधाचा डबा आलमारीत कुलपाआड ठेवला तर गोळी राहूनच जाते. चहाच्या भुकटीच्या डब्याशेजारी, पोरांचा हात पुरणार नाही एवढ्या उंचीवर ठेवा. हत्तीरोगाच्या गोळ्या घरोघरी वाटायच्या मोहिमेत आशाताई ‘माझ्यासमोरच गिळा’ म्हणते तेही याचसाठी. उशाशी ठेवलेली गोळी उशाशीच राहते. (हत्तीरोगाची गोळी उपाशीपोटी घेऊ नये, दोन वर्षांखालच्या लेकरांना, गरोदर बायांना आणि खूप आजारी माणसाला देत नाहीत.)

मिठाचा माझा एक आवडता प्रयोग आहे. माणशी दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. पाच माणसांच्या घरात दिवसाचे २५ ग्रॅम, म्हणजे किलोची पिशवी निदान ४० दिवस जायला हवी. पिशवी फोडली की तिच्यावर पेनानं तारीख टाका. आमच्या घरी पहिली पिशवी बावीस दिवसांत संपली. बायको म्हणाली, कैरीचं लोणचंही त्यातच घातलं होतं. मान्य केलं. दुसरी सव्वीस दिवसांत संपली, तेव्हा लोणचं नव्हतं. मग जेवणाच्या ताटाजवळची मिठाची वाटी उचलली आणि ठेच्यात मिठाऐवजी लिंबू वाढवलं. आता पस्तिशीवर आहोत. कुणाला उपदेश केला नाही, पेन तेवढं वापरलं.

पायरी ६: सोबत धरा

खर्रा ही एकट्याची सवय नाही. पानठेल्यावर एकानं घोटायचा, चौघांनी चिमूट-चिमूट घ्यायचा. नाही म्हणणं म्हणजे माणसालाच नाही म्हटल्यासारखं वाटतं. मी दोनदा सोडला आणि दोनदा तिथंच घसरलो. तिसऱ्या वेळी ज्या तिघांसोबत खायचो त्यांना आधी सांगून टाकलं, “मी मागितला तरी देऊ नका.” एकानं पहिल्याच दिवशी मुद्दाम पुढं केला, हसला, आणि मग त्यानंच मागं घेतला. पहिले तीन दिवस फार वाईट जातात; चिडचिड, डोकं जड, झोप उडते. तलफ मात्र काही मिनिटांची असते. तेवढ्यात पाणी प्या, दुकानाचं शटर पुसा, काहीही करा. एकट्यानं जमत नसेल तर सरकारची तंबाखूमुक्ती हेल्पलाइन आहे, १८००-११-२३५६, फोन फुकट.

घरातल्या बायांचं वेगळं. सगळ्यांचं झाल्यावर जेवायचं, सगळ्यांचं झाल्यावर दवाखान्यात जायचं. एकटी बाई तपासणीला गेली तर ‘हिला काय झालं?’ अशी कुजबुज होते. दोघी-तिघी मिळून गेल्या तर ते बाजाराला जाण्यासारखं होतं. बचत गटाच्या बैठकीत जोड्या लावा: अमकी तमकीला घेऊन जाईल. माझ्या बघण्यात तरी यासारखा दुसरा उपाय नाही.

लहानसं काही हातात पडलं तरी पाय उचलतात. राजस्थानात उदयपूरच्या खेड्यांत लेकरांचं लसीकरण फक्त ६ टक्के पूर्ण होत होतं. गावात नेमानं शिबिर भरवलं तर ते १८ वर गेलं, आणि प्रत्येक खेपेला किलोभर डाळ व शेवटी ताटं दिली तर ३९ वर. ही लाच झाली, असं कुणी म्हणतं. मला नाही वाटत. डाळ म्हणजे तो अंकुर आहे, आजच दिसणारा.

पायरी ७: खंड पडणार, तो आधीच धरून चाला

‘एकवीस दिवसांत सवय लागते’ हे व्हॉट्सअॅपवरचं गणित विसरा. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात रोजची एक साधी गोष्ट आपोआप व्हायला साधारण ६६ दिवस लागले. कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा हिशेब निघाला. एखादा दिवस चुकला तर सवयीचं फारसं बिघडलं नाही, हेही त्यातच दिसलं.

आपल्याकडचे चुकायचे दिवस ठरलेले आहेत: पोळा, वेचणीची घाई, लग्नसराई. पाहुणपणाला जाताना पिशवीत आधी गोळी, मग कपडे. नियम एकच धरा, लागोपाठ दोन दिवस चुकवायचं नाही. कॅलेंडरवर गोळीच्या दिवशी फुली मारा. दर महिन्याला बीपीचा आकडा तिथंच लिहा. तो आकडा उतरताना दिसणं म्हणजे काकाजींच्या गोळीला फुटलेला अंकुर.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या विदर्भात मारबतीचा पुतळा गावाबाहेर नेताना ‘इडा पिडा, खासी खोकला घेऊन जा गे मारबत’ असं ओरडतात. मला ती हाळी आवडते. मी त्याच दिवशी दुकानातली मुदत संपलेली औषधं बाजूला काढतो, आणि गिऱ्हाइकांनाही घरचा डबा तपासायला सांगतो. सणाला काम टांगलं की ते वर्षानुवर्षं चुकत नाही.

जिथं मनाचा प्रश्नच नाही

तोंड वाकडं होणं, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणं, बोबडी वळणं, छातीत दाबल्यासारखं दुखणं, यांत वाट बघायची नाही, १०८ ला फोन करायचा. फवारणीनंतर मळमळ, घाम, अंधारी, तोंडाला फेस असं काही झालं तर कपडे काढून अंग साबणानं धुवा आणि फवारलेल्या औषधाचा डबा सोबत घेऊन दवाखाना गाठा. भगताकडे नंतर जा, जायचंच असेल तर.

आणि माणूस सगळं बरोबर करूनही अडतो, हेही लिहिलं पाहिजे. काकाजी कपबशीच्या हिशेबानं दोन महिने नीट गोळी घेत होते, उपकेंद्रातून फुकट मिळणारी. तिसऱ्या महिन्यात तिथं साठाच नव्हता. दोन खेपा वाया गेल्यावर कुणाचंही मन उठतं. त्याला ‘सवय लागत नाही’ म्हणणं अन्याय आहे. अशा वेळी सात दिवसांच्या गोळ्या घरात शिल्लक असतानाच पुढची खेप करायची, आणि साठा नसला तर ग्रामसभेत नाव न घेता तारीख सांगून विचारायचं. आमच्याकडे तसं विचारलं, पुढच्या आठवड्यात गोळ्या आल्या.

काकाजींचं बीपी पहिल्यांदा कॅलेंडरवर लिहिलं तेव्हा १६८/१०० होतं. परवा १३६/८४. गोळ्या ते उपकेंद्रातूनच आणतात, माझं तेवढं गिऱ्हाईक गेलं. तरी बाजाराच्या दिवशी स्टुलावर येऊन बसतात, चहा पितात, आणि उठताना गॅसची गोळी मागतात.

“पूर्ण पट्टी देऊ?”

“कायले? दोनच दे, बापू.”